धुरातला पारा आणि कोळशाची पूड

रायपूरच्या पुरानी बस्तीत हिवाळ्याच्या सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, वड्या-पापडांवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर काळी भुकटी बसते, ही तक्रार नवी नाही. महामाया मंदिराचा हा परिसर शहराचा सर्वांत जुना भाग. बूढा तालाब आणि दूधाधारी मठ येथून जवळच आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत छत्तीसगडचा कारभार बिंबाजी भोसले यांच्याकडे आला, तेव्हापासून या शहरात मराठी कुटुंबेही नांदत आहेत. उरला आणि सिलतरा ही मोठी औद्योगिक क्षेत्रे शहराच्या उत्तरेस आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलाद वितळवणारे कारखाने, त्यांना वीज पुरवणारी छोटी औष्णिक केंद्रे यांची तेथे दाटी आहे. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून वाहतो आणि भुकटी शहरावर येते.

काळी भुकटी डोळ्यांना दिसते, बोटाला लागते, म्हणून तिच्याविषयी अर्ज-निवेदने होतात. त्याच धुराड्यांतून बाहेर पडणारा पारा मात्र दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो वायुरूपात असतो आणि धूळ पकडणाऱ्या यंत्रांतून बराचसा निसटतो. त्याला अडवण्याचा जगात सर्वाधिक वापरला जाणारा उपाय कोणता, तर कोळशाचीच काळी पूड. गच्चीवर पडणारी भुकटी आणि धुरातला पारा धरणारी पूड या दोन्ही मूलतः कार्बनच आहेत. त्यांच्यात फरक पडतो तो पूड कशी तयार केली, तिच्यावर काय चढवले आणि ती कुठे फवारली, यामुळे.

आगीत पाऱ्याचे काय होते

पारा कोळशात मुळातच असतो. लाखो वर्षांपूर्वी दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींबरोबर आणि नंतर खडकांतून झिरपलेल्या पाण्याबरोबर तो तेथे आला आणि बहुधा गंधकयुक्त खनिजांत अडकून राहिला. भारतीय कोळशाच्या एका टनात त्याचे प्रमाण सरासरीने सुमारे ०.१४ ग्रॅम असल्याचे धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेच्या पाहणीत आढळले होते. खाणीप्रमाणे आणि थराप्रमाणे हा आकडा बराच बदलतो.

०.१४ ग्रॅम ही मात्रा क्षुल्लक वाटते. परंतु कोळसा टनांच्या हिशेबाने जळत नाही, हजारो टनांच्या हिशेबाने जळतो. रोज शंभर टन स्पंज आयर्न तयार करणाऱ्या मध्यम आकाराच्या एका भट्टीला दिवसाला ढोबळमानाने सव्वाशे ते दीडशे टन कोळसा लागतो. वरील सरासरी लावली तर त्यातून दिवसाकाठी अठरा-वीस ग्रॅम पारा सुटतो. ताप मोजण्याच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असे. म्हणजे एका भट्टीमागे रोज वीसेक थर्मामीटर फुटावेत तसे हे झाले. एक हजार मेगावॉटचे वीज केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर त्याला दिवसाला पंधरा हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो आणि पाऱ्याचा हिशेब दोन किलोवर जातो. कोरबा आणि सीपत येथील केंद्रे याहून कितीतरी मोठी आहेत.

पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. बॉयलरमधील ज्वाळेचे तापमान बाराशे ते पंधराशे अंशांच्या घरात असते आणि स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत ते हजार अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेत कोळशातील जवळजवळ सगळा पारा वाफ होऊन सुटा होतो. या अवस्थेत तो मूलद्रव्यरूप असतो, म्हणजे एकेक अणू कोणाशीही न जोडलेला.

पुढे धूर थंड होत जातो तेव्हा पाऱ्याच्या तीन वाटा होतात. काही अणू धुरातील क्लोरीनशी संयोग पावून क्लोराइड बनतात. काही राखेच्या व न जळालेल्या कोळशाच्या कणांना चिकटतात. उरलेले तसेच मूलद्रव्यरूपात पुढे जातात. कोणत्या वाटेने किती पारा जाईल हे मुख्यतः कोळशातील क्लोरीनवर अवलंबून असते. भारतीय कोळशात राख भरपूर, क्लोरीन मात्र कमी. त्यामुळे मूलद्रव्यरूप पाऱ्याचा वाटा येथे मोठा राहतो आणि अडवायला सर्वांत कठीण नेमका तोच असतो.

क्लोराइड झालेला पारा पाण्यात विरघळतो. धूर पाण्याने किंवा चुन्याच्या निवळीने धुतला तर तो बऱ्यापैकी निघून जातो. कणांना चिकटलेला पारा धुळीबरोबर पकडला जातो. मूलद्रव्यरूप पारा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ईएसपी या नावाने ओळखले जाणारे यंत्र धुळीच्या कणांना विद्युतभार देऊन त्यांना धातूच्या पत्र्यांकडे ओढते. सुट्या अणूंवर त्याचा काही परिणाम होत नाही. रायपूर परिसरात धुराड्यांवरील ईएसपी चालू आहे की रात्री बंद ठेवली जाते, हा वादाचा विषय अनेक वर्षे राहिला आहे. पाऱ्यापुरते बोलायचे तर ती चोवीस तास चालली तरी प्रश्नाचा मोठा भाग शिल्लक राहतो.

चमचाभर पुडीत दहा गुंठे

नारळाची करवंटी, लाकूड, लिग्नाइट किंवा दगडी कोळसा हवेविना चारशे ते सातशे अंशांवर तापवला की त्यातील ओलावा, डांबरी द्रव्ये व वायू निघून जातात आणि कोळसा उरतो. येथपर्यंतची क्रिया कोळसा पाडणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सक्रिय कार्बन बनवण्यासाठी त्याच्या पुढची पायरी चढावी लागते. हा कोळसा आठशे ते हजार अंशांवर ठेवून त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कार्बनचे कण कुरतडत आत शिरते, कार्बनचा काही भाग वायू होऊन निघून जातो आणि मागे असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात. मोठ्या पोकळीतून लहान, लहानातून त्याहून लहान अशी ही रचना असते. अगदी आतल्या पोकळ्यांची रुंदी दोन नॅनोमीटरहूनही कमी, म्हणजे पाऱ्याच्या पाच-सहा अणूंना शेजारी शेजारी बसता येईल एवढीच.

या सगळ्या पोकळ्यांच्या भिंती उलगडून सपाट पसरल्या तर एका ग्रॅम पुडीचे क्षेत्रफळ पाचशे ते दीड हजार चौरस मीटर भरते. हजार चौरस मीटर म्हणजे जवळपास दहा गुंठे. चमचाभर पुडीत शेताचा एक तुकडा घडी घालून ठेवला आहे असे समजावे. गच्चीवर पडणाऱ्या भुकटीला ही संपदा नसते. तिच्यातील अर्धवट जळालेल्या कोळशाच्या कणांत थोड्या पोकळ्या असतात, काही पारा त्यांनाही चिकटतो. परंतु ती केवळ जळायची राहून गेलेली वस्तू आहे, मुद्दाम पोखरलेली नव्हे.

येथे शोषण आणि अधिशोषण यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. स्पंजात पाणी शिरते ते शोषण. त्यात पाणी स्पंजाच्या अंगभर मुरते. अधिशोषणात पदार्थ केवळ पृष्ठभागावर चिकटतो. म्हणूनच क्षेत्रफळाला एवढे महत्त्व आहे. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातील काळी कांडी याच तत्त्वावर पाण्याचा वास व क्लोरीन काढते.

मात्र धुराच्या बाबतीत नुसते क्षेत्रफळ पुरत नाही. साध्या कार्बनच्या भिंतीला पाऱ्याचा अणू जे दुर्बल आकर्षण धरून ठेवते, ते उष्णतेपुढे टिकत नाही. धुराड्याकडे जाणाऱ्या नळातील वायूचे तापमान १३० ते १७० अंशांच्या दरम्यान असते. एवढ्या उष्णतेत अणू चिकटतो आणि पुन्हा सुटतो. त्याला कायमचा बांधायचा असेल तर रासायनिक बंध हवा.

पारा बांधण्याची जुनी युक्ती

पारा बांधणे हा शब्दप्रयोग मराठीत नवा नाही. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारद आणि गंधक खलात घालून तासन्‌तास घोटतात. चकाकणारा, हातात न सापडणारा पारा हळूहळू नाहीसा होतो आणि काजळासारखी काळी पूड उरते. तिला कज्जली म्हणतात. पाऱ्याची एकही चमक उरता कामा नये, ती निश्चंद्र झाली पाहिजे, ही तिची कसोटी. रसायनशास्त्राच्या भाषेत खलात पाऱ्याचा सल्फाइड तयार झालेला असतो. पाऱ्याला गंधकाची ओढ इतकी आहे की निसर्गातही तो बहुतांशी हिंगुळाच्या, म्हणजे गंधकाबरोबरच्या संयुगाच्या रूपात सापडतो.

कारखान्यांनी हाच गुण वापरला. सक्रिय कार्बनच्या पोकळ्यांत गंधक मुरवला की भिंतीवर आलेला पाऱ्याचा अणू गंधकाशी बांधला जातो. नैसर्गिक वायू शुद्ध करताना असा गंधकयुक्त कार्बन मोठ्या टाक्यांत भरून ठेवतात आणि वायू त्यातून सावकाश जाऊ देतात. तेथे वायू स्वच्छ, थंड आणि तुलनेने कमी असतो, म्हणून हे जमते. (कज्जलीच्या उल्लेखावरून पाऱ्याची औषधे निर्धोक ठरतात असे मात्र कोणी समजू नये, तो निराळा आणि अधिक वादाचा विषय आहे.)

कोळशाच्या धुरासाठी टाकीची ही पद्धत परवडत नाही. एका टन कोळशातून पाच-सहा हजार घनमीटर धूर निघतो, तोही राखेने भरलेला; टाकी काही तासांत तुंबेल. म्हणून येथे कार्बन धुराकडे पाठवतात. पंधरा-वीस मायक्रॉन आकाराच्या कणांची पूड हवेच्या झोताने धुराच्या नळात फवारली जाते. पुढे ईएसपी किंवा बॅग फिल्टरपर्यंतचा प्रवास दोन-तीन सेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रत्येक कणाने आपल्या वाटेवरचे पाऱ्याचे अणू गाठायचे असतात.

हे काम किती कठीण आहे याचा अंदाज आकड्यांवरून येतो. सरासरी भारतीय कोळशाच्या धुरात घनमीटरमागे सुमारे २५ मायक्रोग्रॅम पारा असतो. वजनाने पाहिले तर धुराच्या पाच कोटी भागांत पाऱ्याचा एक भाग. म्हणूनच पूड पाऱ्याच्या मानाने कितीतरी अधिक फवारावी लागते. घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम पूड धरली, तर एक ग्रॅम पाऱ्यासाठी दोन किलो कार्बन खर्ची पडतो. यांपैकी बहुतेक पुडीचे दहा गुंठे रिकामेच राहतात. तिला भरायला वेळच मिळत नाही.

अमेरिकेने शिकलेला धडा

कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांत हे तंत्र १९९० च्या दशकातच रुळले होते. वीज केंद्रांत त्याची पूर्ण आकाराची चाचणी अमेरिकेत २००१ साली झाली. अलाबामा राज्यातील गॅस्टन केंद्रात बॅग फिल्टर होता. तेथे थोड्याच पुडीने पाऱ्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास घटले. विस्कॉन्सिनमधील प्लेझंट प्रेरी केंद्रात ईएसपी होती आणि कोळसा कमी क्लोरीनचा. तेथे घट साठ-सत्तर टक्क्यांवर जाऊन अडली. पूड दुपटी-तिपटीने वाढवूनही फारसा फरक पडला नाही.

रायपूरच्या दृष्टीने दुसरी चाचणी अधिक बोलकी आहे, कारण क्लोरीनची उणीव आणि ईएसपीवरचा भर या दोन्ही बाबतींत ती येथील परिस्थितीशी जुळते. बॅग फिल्टरमध्ये कापडी पिशव्यांवर पुडीचा थर साचतो आणि पुढचा सगळा धूर त्या थरातून गाळला जातो. पूड उडत असताना जे साधले नाही ते थरात साधते. ईएसपीत ही सोय नाही. तेथे पूड पत्र्याला चिकटली की तिचा धुराशी संबंध जवळपास संपतो.

क्लोरीनच्या उणिवेवर उपाय निघाला तो ब्रोमीनचा. कार्बनवर आधीच ब्रोमीन चढवले तर धुरात क्लोरीन असो वा नसो, पाऱ्याच्या अणूला भिंतीवर जोडीदार मिळतो. तेथे त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि तो बांधला जातो. ब्रोमीनयुक्त पूड महाग असते, पण ती कमी लागते, आणि ईएसपी असलेल्या जुन्या केंद्रांतही तिने चांगले परिणाम दाखवले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेने वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा ठरवली, त्यानंतर हे तंत्र तेथे सर्वत्र पसरले. त्या दशकात अमेरिकी वीज केंद्रांतून बाहेर पडणारा पारा चार-पंचमांशाहून अधिक घटला. या घटीचे सगळे श्रेय पुडीला देता येणार नाही. जुनी केंद्रे बंद झाली, कोळशाऐवजी नैसर्गिक वायू वापरात आला आणि गंधक काढणाऱ्या यंत्रांनीही हातभार लावला.

पुडीला शत्रूही आहेत. धुरात गंधक ट्रायऑक्साइड असले तर पोकळ्यांतील जागा तेच बळकावते. तापमान वाढले तर बांधलेला पारा सुटू लागतो. आणि पूड एका जागी साचून तापली तर ती स्वतःच धुमसते. मिशिगनमधील प्रेस्क आइल केंद्रात २००६ मध्ये या पद्धतीचे प्रात्यक्षिक सुरू झाले, तेव्हा पूड साठणाऱ्या नरसाळ्यांत ती अशीच पेटू लागली होती. पुढे पूड वरचेवर काढून घेण्याची व्यवस्था करावी लागली. शेवटी हा कोळसाच आहे, जळणे त्याचा धर्म आहे.

मर्यादा आहे, पण कशाची?

भारतात वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा प्रथम ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने आली. घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. २००३ पर्यंत उभारलेल्या केंद्रांपैकी पाचशे मेगावॉट व त्याहून मोठ्या संचांना ती लागू झाली, त्यानंतरच्या सर्व केंद्रांना लागू झाली.

वर काढलेला हिशेब येथे पुन्हा आठवावा. सरासरी भारतीय कोळशाच्या धुरात कोणताही खास उपाय न करता सुमारे २५ मायक्रोग्रॅम पारा असतो. त्यातील काही राखेबरोबर आपोआप पकडला जातो. म्हणजे सरासरी कोळसा जाळणारे केंद्र पाऱ्यासाठी काहीही न करता नियम पाळते. मर्यादेची झळ लागेल ती अधिक पाऱ्याचा कोळसा जाळणाऱ्या केंद्रालाच. अमेरिकेत बिटुमिनस कोळशाच्या केंद्रांची मर्यादा याच मापात दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास येते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये जुन्या मोठ्या केंद्रांसाठी ठरवलेली वरची पातळी चार मायक्रोग्रॅम आहे. चीनने २०११ च्या मानकात भारताप्रमाणेच तीसचा आकडा घेतला होता. सक्रिय कार्बन फवारण्याची पद्धत भारतीय वीज केंद्रांत रुजली नाही याचे कारण तंत्राच्या अवघडपणात शोधण्याची गरज नाही. या आकड्याने तिची गरजच निर्माण केली नाही.

गंधक काढणाऱ्या यंत्रांकडून एक आशा होती. क्लोराइड झालेला पारा ती धुऊन काढतात, हा त्यांचा जोडलाभ. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातील बहुसंख्य कोळसा केंद्रांना ही यंत्रे बसवण्यातून सूट दिली. ही सूट गंधकाचा विचार करून दिली गेली. पाऱ्याचा जोडलाभ तिच्याबरोबर गेला.

स्पंज आयर्नची गोष्ट आणखी निराळी. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमधील कुमामोतो येथे संमत झाला, भारताने त्याला १८ जून २०१८ रोजी मान्यता दिली. १९५६ मध्ये ज्या मिनामाता शहरात पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण प्रथम नोंदले गेले, त्याचे नाव कराराला दिले आहे. हवेत पारा सोडणाऱ्या उद्योगांची यादी कराराच्या एका परिशिष्टात आहे: कोळशावरील वीज केंद्रे, कोळशावरील औद्योगिक बॉयलर, शिसे, जस्त, तांबे व सोने यांचे प्रगालन, कचरा जाळणाऱ्या भट्ट्या आणि सिमेंटची क्लिंकर भट्टी. लोखंड व पोलाद या यादीत नाही. स्पंज आयर्नसाठी भारताने २००८ मध्ये केलेल्या मानकांचाही भर धूलिकणांवर होता. त्यामुळे सिलतरा येथील एकाच कुंपणाच्या आत कारखान्याचे वीज केंद्र कराराच्या कक्षेत येते आणि शेजारी तोच कोळसा खाणारी फिरती भट्टी बाहेर राहते.

तलावापर्यंतचा प्रवास

धुराड्यातून सुटलेला सगळा पारा पुरानी बस्तीवर पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. मूलद्रव्यरूप पारा हवेत काही महिने ते वर्षभर टिकतो आणि पृथ्वीला वळसे घालतो. सिलतराचा पारा कुठल्या तरी दूरच्या समुद्रात उतरतो आणि दूरदेशीचा पारा रायपूरच्या पावसात येतो. क्लोराइड झालेला आणि कणांना चिकटलेला पारा मात्र पावसाबरोबर व धुळीबरोबर जवळपास उतरतो. पुरानी बस्तीच्या आसपास तलाव पुष्कळ आहेत. तलावाच्या तळच्या चिखलात, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथील काही जिवाणू पाऱ्याचे मिथिल पारा या संयुगात रूपांतर करतात. हे संयुग शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि मोठ्या माशांत साचत जाते. ते गर्भवतीच्या रक्तातून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचते, म्हणून काळजी सर्वाधिक तेथे घ्यावी लागते. हवेत श्वासावाटे जाणारी मात्रा त्यामानाने गौण असते.

पकडलेला पारा जातो कुठे

सक्रिय कार्बन पारा नष्ट करत नाही. पारा हे मूलद्रव्य आहे, त्याला नष्ट करणे कोणत्याही भट्टीला शक्य नाही. कार्बन त्याला हवेतून काढून पुडीत आणतो आणि ती पूड राखेत मिसळते. छत्तीसगडमध्ये हा प्रश्न इतर राज्यांहून अधिक टोकदार आहे, कारण येथे राखही प्रचंड आणि तिचे गिऱ्हाईकही शेजारीच: विटांचे कारखाने, रस्त्यांची कामे आणि बलोदाबाजार, भाटापारा, तिल्दा या पट्ट्यातील सिमेंट उद्योग.

राख थंड राहिली तर फारसे बिघडत नाही. ब्रोमीनने किंवा गंधकाने बांधलेला पारा पाण्यात सहसा झिरपत नाही. चुना व जिप्सम मिसळून पाण्यावर पक्व होणाऱ्या राखेच्या विटांत तो तसाच राहतो. क्लिंकर दळताना राख मिसळून केलेल्या सिमेंटमध्येही तो राहतो. काँक्रीट करणाऱ्याची तक्रार असते ती वेगळीच, की राखेतला कार्बन मिश्रणातील हवा धरणारे रसायन पिऊन टाकतो आणि काँक्रीट काळपट दिसते. पण तीच राख मातीत मिसळून विटा भट्टीत भाजल्या किंवा सिमेंट भट्टीच्या कच्च्या मालात चुनखडीबरोबर घातली, तर पारा पुन्हा वाफ होऊन सुटतो. वीज केंद्राने खर्च करून पकडलेला पारा काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या धुराड्यातून बाहेर पडतो.

यावर एक तोड आहे. ईएसपीने आधी राख काढून घ्यायची, त्यानंतर पूड फवारायची आणि ती वेगळ्या बॅग फिल्टरमध्ये पकडायची. मिशिगनच्या केंद्रात हीच रचना होती. राख विक्रीयोग्य राहते आणि पाऱ्याची पूड निराळी हाती येते. खर्च अर्थातच वाढतो. आणखी एक गोष्ट बदलते. राखेत मिसळला असता तर एका किलो राखेत जेमतेम ०.४ मिलिग्रॅम पारा दिसला असता आणि कोणी त्याकडे पाहिले नसते. वेगळ्या पुडीत तोच किलोमागे पाचशे मिलिग्रॅमवर जातो, ती पूड घातक कचरा ठरते आणि तिला अस्तर घातलेल्या सुरक्षित भूभरणात जागा शोधावी लागते. कारखानदाराला हिशेबाच्या वहीत पहिला पर्याय सोयीचा वाटतो तो यामुळेच.

सिमेंट भट्टीत तर पाऱ्याची गंमत आणखी वाढते. भट्टीच्या चौदाशे अंशांहून अधिक तापमानात सुटलेला पारा धुराबरोबर मागे जातो, दळल्या जाणाऱ्या थंड कच्च्या मालावर बसतो, त्या मालाबरोबर पुन्हा भट्टीत येतो आणि पुन्हा सुटतो. दिवसेंदिवस आत फिरत तो साठत राहतो. दुरुस्तीसाठी कच्च्या मालाची चक्की बंद ठेवली की बसायला जागा उरत नाही आणि साठलेला पारा काही तासांत धुराड्यातून बाहेर जातो. अशा भट्टीवर मोजमाप कोणत्या दिवशी घेतले, चक्की चालू असताना की बंद असताना, यावर अहवालातील आकडा ठरतो. हे चक्र तोडण्यासाठी चक्की बंद असतानाच्या काळात फिल्टरमधील धूळ बाजूला काढतात, काही ठिकाणी त्याच वेळी सक्रिय कार्बन फवारतात.

मिनामाता करारानुसार यादीतील जुन्या उद्योगांवर पाऱ्याच्या नियंत्रणाचे उपाय लागू करण्यासाठी प्रत्येक देशाला करार त्याच्यापुरता अमलात आल्यापासून दहा वर्षांची मुदत आहे. भारतासाठी ती सप्टेंबर २०२८ मध्ये संपते.